शेतावरचा गॉडफ्रे आणि सीटीचे आकडे

पाणी म्हणजे ०. हवा म्हणजे उणे १०००. चरबी उणे १०० च्या आसपास, स्नायू ४०-५०, आणि टणक हाड १००० किंवा त्याच्याही वर. सीटी स्कॅन पुण्यात काढा नाहीतर पॅरिसमध्ये, पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यामागे असा एक आकडा असतो आणि त्या आकड्याच्या एककाला हाऊन्सफील्ड म्हणतात. ओहम, फॅरडे, हर्ट्झ ही मंडळी आपल्याला अकरावी-बारावीपासून छळत आली आहेत, पण ती माणसं कोण होती हे कुणी विचारत नाही. हाऊन्सफील्डचंही तेच. बायोमेडिकलच्या इलेक्टिव्हमध्ये दोन मार्कांच्या व्याख्येत हे नाव येतं आणि सबमिशनबरोबर विसरलं जातं. माझं मत विचाराल तर हा माणूस आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी जरा जवळून बघावा असा आहे. त्याला नोबेल मिळालं ते वैद्यकशास्त्राचं, आणि डॉक्टरकी तर सोडाच, त्याने विद्यापीठाची साधी पदवीसुद्धा घेतलेली नव्हती!

गॉडफ्रे हाऊन्सफील्डचा जन्म २८ ऑगस्ट १९१९ चा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायर परगण्यात, न्यूअर्क गावाजवळचा. पाच भावंडांत हा सगळ्यात धाकटा. वडील शेती करायचे. शेतावर मळणीयंत्र, कापणीयंत्र, जनरेटर अशी खेळायला भरपूर सामग्री होती आणि धाकटा म्हणून याच्यामागे कुणाचा फारसा तगादा नसायचा. अकरा ते अठरा या वयात पठ्ठ्याने स्वतः आवाज रेकॉर्ड करायची यंत्रं बनवली. घरी केलेलं ग्लायडर घेऊन गवताच्या गंजीवरून उड्या मारल्या. डांबराची रिकामी पिंपं पाण्याने भरून, त्यात ॲसिटिलीन सोडून ती किती उंच उडतात हे बघण्याच्या नादात स्वतःच उडायचा राहिला. (हे वाचताना आमच्या विंगमधले इमर्शन रॉडचे प्रयोग आठवले. रेक्टर सरही हे पान वाचतात, म्हणून जास्त लिहीत नाही.) शाळेत मात्र गडी यथातथाच. गणित आणि भौतिकशास्त्र सोडलं तर कशातच जीव रमत नसे.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो ब्रिटिश हवाई दलात दाखल झाला. रेडिओवरची जी पुस्तकं हाताला लागली ती वाचून काढली, परीक्षा दिली आणि रडार मेकॅनिकांना शिकवणारा प्रशिक्षक झाला. क्रॅनवेलच्या रडार शाळेत मोकळ्या वेळात त्याने मोठ्या पडद्याचा ऑसिलोस्कोप आणि शिकवायला लागणारी बाकीची उपकरणं तयार केली. ते काम एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नजरेत भरलं. युद्ध संपल्यावर त्याच अधिकाऱ्याच्या खटपटीने त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि लंडनच्या फॅरडे हाऊस इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग कॉलेजातून त्याने डिप्लोमा केला. डिप्लोमा! थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या माझ्या डिप्लोमावाल्या मित्रांनी ही ओळ अधोरेखित करून ठेवायला हरकत नाही.

१९५० च्या आसपास तो ईएमआय कंपनीत लागला. ईएमआय म्हणजे आजीच्या कपाटात कुत्र्याचं चित्र असलेल्या ज्या एचएमव्हीच्या तबकड्या असतात, त्या घराण्याची मूळ कंपनी. बीटल्सच्या रेकॉर्डही तिच्याच. त्यावरून बीटल्सच्या पैशावर सीटी स्कॅन जन्माला आला अशी एक गोष्ट नेहमी सांगतात. ऐकायला झकास आहे, पण त्या संशोधनात ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्याचा पैसा फार मोठा होता, तेव्हा सगळं श्रेय गिटारला देऊन चालणार नाही. ईएमआयमध्ये हाऊन्सफील्डने आधी रडार आणि क्षेपणास्त्रांवर काम केलं. मग १९५८ च्या सुमारास एमिडेक ११०० हा संगणक बनवणाऱ्या गटाचं नेतृत्व केलं. पूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या ब्रिटनमधल्या सुरुवातीच्या संगणकांपैकी हा एक. तेव्हाचे ट्रान्झिस्टर मंद होते, म्हणून त्याने त्यांना चुंबकीय गाभ्यांची जोड देऊन वेग वाढवला. जे मिळतंय त्यातूनच काम काढून घ्यायचं ही त्याची खोड इथेच दिसते.

यानंतरचा त्याचा संगणकाच्या स्मृतीवरचा प्रकल्प मात्र कंपनीने गुंडाळला, बाजारात चालणार नाही म्हणून. कंपनीने त्याला लगेच दुसरं काम चिकटवलं नाही. जरा शांतपणे विचार कर आणि तुला काय करावंसं वाटतं ते सांग, असा मोकळा वेळ दिला. मला या सगळ्या चरित्रातली ही सर्वांत हेवा वाटण्यासारखी गोष्ट वाटते. हाऊन्सफील्डला रानावनातून लांबलांब पायी भटकण्याचा नाद होता. १९६७ च्या सुमारास त्याच्या डोक्यात एक कोडं आलं. एक बंद खोकं आहे. ते उघडायचं नाही. पण वेगवेगळ्या दिशांनी त्यातून किरण आरपार पाठवून प्रत्येक किरण किती शोषला गेला ते मोजायचं. एवढ्या मोजमापांवरून आत काय कुठे ठेवलंय ते सांगता येईल का?

नेहमीच्या एक्स-रेमध्ये सगळ्या वस्तूंच्या सावल्या एकावर एक पडतात. पुढचं हाड, मागचं हाड, मधलं मांस, सगळं एकाच कागदावर दाबून बसवल्यासारखं. हाऊन्सफील्डने आडवा एक काप घेतला, त्याचे ८० गुणिले ८० चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनाला एक अज्ञात संख्या मानली. म्हणजे ६,४०० अज्ञात. १८० कोनांतून प्रत्येकी १६० मोजमापं घेतली की होतात २८,८०० समीकरणं. बाकी एम-१ मध्ये आपण जे करतो तेच, फक्त हाताने करायला एक जन्म पुरला नसता. त्याने संगणकाला आधी अंदाजे उत्तर धरायला लावलं, त्या उत्तरावरून सावल्या कशा पडल्या असत्या ते काढलं, खऱ्या मोजमापांशी ताडून पाहिलं आणि फरक वाटून देत देत उत्तर सुधारत नेलं. ही सुधारत जाण्याची पद्धत लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

पहिलं यंत्र त्याने एका जुन्या लेथच्या बेडवर उभं केलं. आपल्या वर्कशॉपमध्ये ज्यावर आपण टेपर टर्निंगचा जॉब बिघडवतो, तसाच बेड. किरणांसाठी अमेरिशियमचा एक दुबळा गॅमा स्रोत होता. एका कापाचं मोजमाप पूर्ण व्हायला ९ दिवस लागले आणि संगणकाला उत्तर काढायला अडीच तास. मग त्याने गॅमा स्रोत काढून एक्स-रे ट्यूब बसवली, तेव्हा ९ दिवसांचे ९ तास झाले.

नऊ दिवस का लागले, यात सीटीचं सगळं मर्म आहे. पावसाळ्यात होस्टेलच्या गच्चीवर दोन सारख्या वाट्या शेजारी शेजारी ठेवा आणि थेंब मोजा. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतोय, तरी एका मिनिटात एकीत ९४ थेंब पडतील तर दुसरीत १०७. सरासरी १०० थेंब असतील तर साधारण १० इकडेतिकडे होणारच. १०,००० थेंबांपर्यंत थांबलात तर इकडेतिकडे होणारे थेंब १०० असतील, म्हणजे फक्त एक टक्का. फोटॉनचंही तसंच आहे. कमी फोटॉन मोजले तर एकाच प्रकारच्या मांसाचे दोन ठिपके पडद्यावर वेगळे दिसतात आणि चित्र रव्यासारखं दाणेदार होतं. हा दाणेदारपणा, म्हणजे आपल्या भाषेत नॉईज, निम्मा करायचा तर फोटॉन चौपट लागतात. स्रोत दुबळा असेल तर चौपट वेळ थांबा. स्रोत जोरदार असेल तर चौपट डोस द्या.

बरणीतल्या नमुन्याला नऊ दिवसही चालतात आणि डोसचंही त्याला काही वाटत नाही. जिवंत माणसाला दोन्ही चालत नाही. पण हाऊन्सफील्डने हात घातला होता मेंदूला, आणि मेंदूतला करडा भाग आणि पांढरा भाग यांच्या शोषणात फरक असतो एक टक्क्याहून कमी. तेवढा फरक दाण्यांतून वर काढायचा आणि रुग्णावर किरणांचा मारा मात्र नेहमीच्या तपासण्यांच्या पंगतीत ठेवायचा, अशी ती कसरत होती. त्याने अर्ध्यातून वाट काढली. फिल्म एक्स-रेची बहुतेक माहिती वाया घालवते. त्याने फिल्म बाजूला ठेवून स्फटिकाचे डिटेक्टर लावले आणि पलीकडे पोहोचलेल्या किरणांचा जमेल तेवढा हिशेब ठेवला. त्याची पद्धत साध्या एक्स-रेपेक्षा सुमारे शंभरपट संवेदनशील ठरली. उरलेली अर्धी वाट त्याने तडजोडीतून काढली. चौकोन ३ मिलिमीटरचे आणि कापाची जाडी १३ मिलिमीटर. मोठा चौकोन म्हणजे जास्त फोटॉन, म्हणजे कमी दाणे. चित्र ठोकळ्यांचं दिसलं तर दिसू दे, गाठ दिसली पाहिजे!

पहिली चित्रं फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या माणसाच्या मेंदूची होती आणि ती संशय यावा इतकी छान आली. नंतर कळलं की फॉर्मॅलिनमुळेच आतले फरक ठळक झाले होते. म्हणून खात्री करायला त्याने बैलांचे ताजे मेंदू मिळवले. त्यांत फरक फिके होते, पण दिसत होते. पुढे त्याने स्वतःचं डोकंही यंत्रात घातलं. लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात जेम्स ॲम्ब्रोज नावाच्या रेडिओलॉजिस्टने त्याला साथ दिली आणि १ ऑक्टोबर १९७१ ला तिथे पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला. मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेली ती एक स्त्री होती. एका स्कॅनला चार-पाच मिनिटं लागायची आणि डोकं रबराच्या टोपीतून पाण्याच्या पेटीत बसवलेलं असायचं. डोक्याभोवती पाणी असलं की कडेचे आणि मधले किरण साधारण सारखेच कमकुवत होतात आणि डिटेक्टरवरचा ताण कमी होतो, म्हणून ही पेटी. चित्रात गाठ स्वच्छ दिसली. तोवर मेंदूचा संशय घ्यायचा तर पाठीच्या कण्यातून हवा चढवणं किंवा मानेच्या रक्तवाहिनीत औषध सोडणं असे जीवघेणे वेदनादायी प्रकार होते, हे ध्यानात घेतलं तर १९७२ मध्ये हे जाहीर झाल्यावर जगभरचे डॉक्टर का हादरले ते समजतं.

इथे एक भारतीय वळण आहे, ते आपल्या मासिकात यायलाच हवं. त्याच १९७१ साली जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या दोघांनी सावल्यांवरून चित्र जुळवण्याची एक वेगळीच रीत प्रसिद्ध केली. प्रत्येक सावलीला आधी एका फिल्टरमधून काढायचं, मग ती आल्या दिशेने परत फासायची आणि सगळ्या फासलेल्या सावल्यांची बेरीज करायची. पुन्हा पुन्हा सुधारत बसायची गरज नाही. मॅटलॅबमध्ये आय-रेडॉन हे फंक्शन वापरलं असेल तर त्यातला मुळातला फिल्टर रॅम-लॅक नावाचा असतो. ते रॅम आणि लॅक म्हणजे हेच दोघे. रामचंद्रन यांचं आणखी एक काम म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाची तीन पदरी वेणी, आणि आपल्या गुडघ्यातली कूर्चा नि अस्थिबंध मुख्यतः त्याच कोलॅजेनचे असतात. एकाच माणसाने सांध्याचा कच्चा मालही उलगडला आणि तो सांधा बघण्याचं गणितही दिलं. पुढे जवळपास तीन दशकं सीटी यंत्रं याच फिल्टरच्या कुळातल्या गणितावर चालली आणि हाऊन्सफील्डची सुधारत जाण्याची पद्धत संथ म्हणून मागे पडली.

हाऊन्सफील्डवर यानंतर मानसन्मानांचा पाऊसच पडला. १९७५ साली रॉयल सोसायटीचं सदस्यत्व, १९७९ चं नोबेल आणि १९८१ मध्ये सर ही पदवी. नोबेल त्याला ॲलन कॉरमॅक यांच्याबरोबर विभागून मिळालं. कॉरमॅक मूळचे दक्षिण आफ्रिकेचे भौतिकशास्त्रज्ञ. याच प्रश्नाचं गणित त्यांनी १९६३-६४ मध्येच छापलं होतं, आणि तेव्हा कुणी फारसं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. हाऊन्सफील्डला त्याची कल्पना नव्हती. या सगळ्या धामधुमीत तो काम करतच राहिला. १९७५ पर्यंत ईएमआयचं पूर्ण शरीर बघणारं यंत्र आलं, साधारण २० सेकंदांत एक काप काढणारं, पाण्याच्या पेटीविना. आणि १९७६ साली त्याने सीटीच्या चित्राच्या दर्जावरच एक लेख लिहिला. शोध लागून गेल्यावर, टाळ्या पडून गेल्यावर, आपल्याच यंत्राच्या मर्यादा मोजत बसणारा हा माणूस मला फार आवडतो.

आता यात सांध्याचा काय संबंध, असं कुणी विचारेल. माझ्या डोक्यात हे सगळं शिरलं ते एका गुडघ्यामुळेच. मागच्या पावसाळ्यात माझा रूममेट ग्राउंडवर फुटबॉल खेळताना घसरला. तो तेव्हा सुट्टी जोडून गावी गेला आणि तिथेच त्याचा सीटी झाला. नडगीच्या हाडाचा वरचा पठारासारखा भाग असतो ना, ज्यावर मांडीचं हाड टेकतं, त्यात तडा होता. तो भाग किती मिलिमीटर खचलाय यावर प्लेट टाकायची की नुसतं प्लास्टर, हे ठरतं. पुण्यात दाखवायला आल्यावर डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली आणि मान हलवली. काप ५ मिलिमीटर जाडीचे होते आणि सीडी दिलेलीच नव्हती. जाड कापांतून उभं चित्र जुळवलं की ते जिन्याच्या पायऱ्यांसारखं येतं, खचलेले दोन-तीन मिलिमीटर त्या पायऱ्यांतच गडप होतात. यंत्रातल्या मूळ मोजमापांवरून पातळ काप नंतरही काढता येतात, पण ती मोजमापं काही दिवसांत पुसली जातात आणि ते दिवस उलटून गेले होते. त्यामुळे गुडघा परत यंत्रात गेला.

त्याचे वडील, म्हणजे आमचे काका, शेतकरी माणूस. खर्चाचं त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. त्यांना एकच भीती, इतकी किरणं पोराच्या अंगात गेली तर पुढे काही होणार तर नाही ना? मी तेव्हा त्यांना नीट काहीच सांगू शकलो नाही. नंतर वाचून काढलं ते इथे लिहितो, कारण खेळताना पडणारे आपण सगळेच आहोत.

सांध्यांच्या सीटीत डोस सगळीकडे सारखा नसतो. मनगट, घोटा यांच्या स्कॅनचा प्रभावी डोस ०.१ मिलिसिव्हर्टच्याही खाली असतो, गुडघ्याचा साधारण ०.१ ते ०.२. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळत असतात, म्हणजे गुडघ्याचा एक स्कॅन जवळपास तीन-चार आठवड्यांच्या नैसर्गिक डोसाइतका. खांद्याचा मात्र सुमारे २ आणि खुब्याचा ३ च्या घरात. कारण सरळ आहे. गुडघ्याच्या आसपास किरणांना नाजूक असे अवयव नाहीत. खांद्याशेजारी थायरॉईड, फुप्फुसं, स्तन. खुब्याशेजारी आतडी आणि जननेंद्रियं. कोपराचा स्कॅन हात डोक्यावर लांब करून का काढतात, हेही यावरून कळतं. हात अंगालगत ठेवला तर कोपरासाठी सगळं पोट भाजून निघतं. काकांना हे तेव्हा सांगता आलं असतं तर त्यांची एक रात्र बरी गेली असती.

दुसरी गोष्ट चित्राची, आणि इथे परत हाऊन्सफील्डचे आकडे कामाला येतात. मेंदूत शोधायचा फरक पाच-दहा एककांचा. तिथे १५ एककांचा नॉईज आला तर चित्र कचऱ्यात. सांध्यात शोधायची असते भेग, म्हणजे एका बाजूला शेकडो एककांचं हाड आणि मध्ये ०-५० एककांचं रक्त किंवा पाणी. तिथे ३०-४० एककांचा नॉईजही खपून जातो. नॉईज ५ वरून ४० वर जाऊ दिला तर वर्गाच्या नियमाने डोस ६४ पटींनी उतरतो! पण लगेच खूश होऊ नका, कारण सांध्याला बारकाई हवी. चौकोनाची बाजू लहान केली की त्यात फोटॉन कमी पडतात. नॉईज तेवढाच ठेवायचा तर डोस बाजूच्या घनाच्या प्रमाणात आणि जाडीच्या प्रमाणात वाढतो. हाऊन्सफील्डचे ३ आणि १३ मिलिमीटर घ्या आणि आजचे अर्धा-अर्धा मिलिमीटर घ्या: ६ चा घन २१६, गुणिले २६, म्हणजे ५,६०० पट. अर्थात कुणी इतका डोस देत नाही. दाणे चालवून घेतात, बघताना चार काप एकत्र करून सरासरी घेतात. थोडक्यात, कुणाला काय बघायचंय हे आधी ठरल्याशिवाय डोस किती हा प्रश्नच अर्धवट आहे. त्या गावच्या स्कॅनने काय बघायचंय हे न विचारता पाच मिलिमीटरचे काप छापले, आणि त्याचा डोस पुरता वाया गेला. कमी दर्जाचं चित्रही कधीकधी जास्त डोसचं निघतं ते असं.

खांद्याला आणखी एक अडचण येते. आडव्या दिशेने किरणांना दोन्ही खांदे ओलांडायचे असतात, पलीकडे फोटॉन पोहोचतात मोजकेच आणि चित्रावर आडवे फराटे उमटतात. म्हणून आताची यंत्रं फिरता फिरता ट्यूबचा करंट बदलतात, जाड बाजूला जास्त आणि पातळ बाजूला कमी. आमच्या रूममेटसारखी प्लेट बसली की पुढच्या स्कॅनला धातूचे फराटे वेगळेच.

सगळ्यात फसवी गोष्ट ही की जास्त डोस दिला तर सीटीत काही बिघडत नाही. फिल्मला जास्त किरणं दिली की ती काळी पडायची आणि टेक्निशियनला चूक लगेच दिसायची. सीटीत चित्र उलट आणखी गुळगुळीत, आणखी देखणं होत जातं. तक्रार करणारं कुणी उरत नाही. टेक्निशियनच्या छातीवर टीएलडी बिल्ला असतो, त्यात डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात, आपल्या ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या. १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळही मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे. त्याच्या परवान्याशिवाय सीटी यंत्र चालवता येत नाही आणि कर्मचाऱ्यांना कोणत्याही एका वर्षात ३० आणि पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. रुग्णाला अशी मर्यादा नाही, कारण त्याला फायदा होणार असं गृहीत आहे. त्याच्या छातीवर बिल्लाही नसतो. त्याच्या वाट्याला फक्त डॉक्टर आणि टेक्निशियन यांची समज येते, आणि डोस-लांबीचा गुणाकार, ज्याला डीएलपी म्हणतात, तो यंत्र स्कॅननंतर पडद्यावर दाखवतं. तो आकडा मागून घ्यावा, आणि सीडीही. मागितल्यावर मिळते.

२००९ च्या सुमारास सीटी कंपन्यांनी डोस कमी करायला एक पद्धत बाजारात आणली. चित्राचा अंदाज धरायचा, त्यावरून सावल्या काढायच्या, मोजमापांशी ताडायच्या, फरक सुधारायचा, परत ताडायच्या. ओळखलंत ना? संगणक वेगवान झाले आणि १९७१ ची हाऊन्सफील्डची रीत नवीन कपडे घालून परत आली, कमी फोटॉनमधून बरं चित्र काढायला. २०१९ पासून त्यात डीप लर्निंगही आलं आहे. मला त्याबद्दल थोडी धास्ती वाटते. चित्र फार गुळगुळीत झालं की केसासारखी बारीक भेगही पुसली जाऊ शकते, आणि जो फोटॉन आलाच नाही त्याच्याजवळ काय निरोप होता हे सॉफ्टवेअर फक्त अंदाजाने सांगतं. २०२१ मध्ये अमेरिकेत एकेक फोटॉन मोजणाऱ्या सीटीला मान्यता मिळाली, तो रस्ता मला जास्त प्रामाणिक वाटतो.

हाऊन्सफील्डने हे काहीच पाहिलं नाही. त्याने लग्न केलं नाही, आणि बरीच वर्षं स्वतःचं पक्कं घर करायचंही त्याच्या मनात आलं नाही. डोंगरात चालायचा, स्वतःच शिकलेला पियानो वाजवायचा. १९७९ संपता संपता ईएमआय दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि लवकरच तिने स्कॅनरचा धंदाच सोडून दिला. जिथे सीटी जन्माला आला ती कंपनी त्यात टिकली नाही. नोबेलच्या पैशातून त्याने घरातच छोटी प्रयोगशाळा थाटली. १९८६ ला निवृत्त झाल्यावरही लंडनच्या रुग्णालयांत तो मदतीला जात राहिला. १२ ऑगस्ट २००४ ला तो गेला. त्याने स्वतः आखलेल्या मूळ पट्टीवर हवा उणे ५०० ला होती आणि हाड ५०० ला. नंतर लोकांनी ती दुप्पट ताणून १००० ची केली आणि तिला त्याचं नाव दिलं. पाणी मात्र त्याने ठेवलं होतं तिथेच, शून्यावर आहे.